वाढदिवसाची तुला : एका घरगुती खर्चाचा इतिहास



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांची अपेक्षा श्रोते करतात. आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो त्या मानाने फार लहान आहे. घरातल्या दोन-चार वर्षांच्या मुलाचा वाढदिवस करावयाचा, तर त्यावर खर्च किती करावा, एवढाच तो विषय. प्रत्येक घरात वर्षातून एकदा तरी या प्रश्नावर नवरा-बायकोत, आजी-आजोबांत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत खल होतो. एक म्हणतो, "हौसेला मोल नाही." दुसरा म्हणतो, "अंथरूण पाहून पाय पसरावे." दोन्ही म्हणी आपल्याच, आणि दोन्ही तितक्याच जुन्या. तेव्हा निवाडा म्हणींच्या बळावर होणार नाही. आपल्या आधी ज्यांनी हा खर्च केला त्यांनी तो कोणत्या हिशेबाने केला, हे पाहिले तर कदाचित काही उजेड पडेल.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपण 'वाढदिवस' म्हणतो. संस्कृत धर्मग्रंथांत 'वर्षवृद्धी' असा शब्द येतो. उत्तरेकडे 'बरसगांठ' म्हणतात, आणि फारसीत 'सालगिरह'. 'साल' म्हणजे वर्ष आणि 'गिरह' म्हणजे गाठ. मूल जन्मले की एक दोरा ठेवावयाचा आणि दरवर्षी त्यात एक गाठ मारावयाची, या चालीवरून तो शब्द आला. दोऱ्याला गाठी किती, यावरून मुलाचे वय सांगावयाचे. ज्या काळी जन्मदाखला नव्हता त्या काळी ही गाठ हाच दाखला. एक हात दोरा आणि वर्षाला एक गाठ! यापेक्षा स्वस्त वाढदिवस मनुष्याने अद्याप शोधून काढलेला नाही.

मग खर्च आला कोठून? याचे उत्तर आनंदात शोधू नये, भीतीत शोधावे. आज आपल्याला मूल जन्मले की ते वाढणार हे जवळजवळ गृहीत वाटते. आपल्या पणजोबांना तसे वाटत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. आता हा आकडा तीसच्या खाली आला आहे. मुलाला दृष्ट लागू नये, यमाचे त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू, भिकू अशी नावे ठेवीत, ती याच भीतीपोटी. राजवाडे या नियमाला अपवाद नव्हते. अकबर बादशहाला १५६४ साली जुळे मुलगे झाले आणि ते थोड्याच दिवसांत दगावले. पुढे १५६९ साली सलीम जन्मला, तोच पुढचा जहांगीर. ज्या घरात पाळणा रिकामा झालेला आहे, त्या घरात मूल एक वर्ष जगले ही गोष्ट लढाई जिंकल्याइतकी मोठी. त्या जगण्याबद्दल काही तरी द्यावयाचे, काही तरी ओवाळून टाकावयाचे, ही वाढदिवसाच्या खर्चाची मूळ प्रेरणा. म्हणजे तो खर्च आरंभी मेजवानीचा नव्हता, दानाचा होता.

हा दानाचा विचार आपल्या धर्मशास्त्राने किती बेताने मांडला आहे ते पाहण्यासारखे आहे. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधु' हा ग्रंथ लिहिला. त्यात वर्षवृद्धीचा विधी आहे. अंगाला तीळ लावून स्नान करावे, नवे वस्त्र नेसावे, मार्कंडेयाची आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांची पूजा करावी, आणि तीळगूळ घातलेले दूध प्यावे. दूध किती? अर्धी ओंजळ! शास्त्रकारांनी माप घालून दिले आहे. त्या दिवशी काय करू नये याचीही यादी आहे : नखे व केस कापू नयेत, प्रवास करू नये, मांस खाऊ नये, हिंसा करू नये, आणि कलह करू नये. ही शेवटची आज्ञा आजच्या गृहस्थाने देव्हाऱ्यात लावून ठेवावी अशी आहे. कारण वाढदिवसाच्या खर्चावरून वाढदिवसाच्याच दिवशी जितके कलह होतात, तितके एरवी महिनाभरात होत नसतील.

कमलाकरभट्ट अर्ध्या ओंजळीचे माप लिहीत होते, त्याच्या पाचच वर्षांनंतर, १६१७ साली, धारजवळच्या मांडवगडावर एक वेगळाच वाढदिवस साजरा झाला. जहांगीर बादशहाचा तिथे मुक्काम होता आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो दरबारात हजर होता. बागेत सोन्याचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात बादशहा बसला, दुसऱ्यात थैल्यांवर थैल्या चढल्या. प्रथम रुपये, मग सोने आणि जवाहीर, मग वस्त्रे, मसाले, धान्य. रोच्या कानावर चांदीच्या तुलेचा आकडा आला तो नऊ हजार रुपयांचा. तेव्हाचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा धरला तर हे वजन शंभर किलोच्या वर जाते! रो हा व्यापारी कंपनीच्या पैशाने आलेला चिकित्सक मनुष्य. त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केले आहे की जवाहीर म्हणून जे चढविले ते थैल्यांत बांधलेले होते, तेव्हा आत दगडगोटे असले तरी आपल्याला कळण्याचा मार्ग नव्हता. समारंभाचा थाट पाहून दिपून न जाता थैलीत काय आहे असे विचारणारा पाहुणा प्रत्येक समारंभात एखादा असतोच.

ही तुलेची चाल मोगलांनी मध्य आशियातून आणलेली नव्हती. ती इथलीच. मत्स्यपुराणात सोळा महादाने सांगितली आहेत त्यांत तुलापुरुषदान आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने आपल्या ग्रंथाच्या दानखंडात त्याचा विस्तार केला आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींची सुवर्णतुला झाली ती याच परंपरेतली. अकबराने ही चाल उचलली आणि ती वाढदिवसाला जोडली. त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त तिचे नियम नोंदवून ठेवले आहेत, आणि आजच्या आपल्या विषयाचा गाभा त्या नियमांत आहे.

बादशहाची तुला वर्षातून दोनदा होई. एकदा सौर गणनेने आबान महिन्याच्या पहिल्या तारखेला, आणि एकदा चांद्र गणनेने रजबच्या पाचव्या दिवशी. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान आणि त्यात अधिक मास नाही, म्हणून हे दोन वाढदिवस एकमेकांपासून सरकत राहत. आपल्याकडेही काही घरांत मुलाचा वाढदिवस आजीसाठी तिथीने आणि शाळेतल्या मित्रांसाठी तारखेने असा दोनदा होतो. ज्यांच्या घरी असे होते त्यांनी आपण अकबराची परंपरा चालवीत आहोत असे समाधान मानावे. मात्र अकबराचा खजिना आपल्यापाशी नाही हेही लक्षात ठेवावे.

सौर वाढदिवसाला बादशहाची बारा वस्तूंनी तुला होई. सोने, पारा, रेशीम, सुगंधी द्रव्ये, तांबे, जस्ताच्या जातीचा एक धातू, औषधी, तूप, लोखंड, दूध-तांदूळ, सात प्रकारची धान्ये आणि मीठ. अबुल फजल सांगतो की हा क्रम किमतीवरून लावलेला आहे. सोन्यापासून मिठापर्यंत! तुलेतली खरी युक्ती इथे आहे. मनुष्याचे वजन बदलता येत नाही, पण दुसऱ्या पारड्यात काय घालावयाचे ते आपल्या हातात असते. तेच वजन सोन्याने भरले तर राज्याचा महसूल पुरणार नाही, आणि मिठाने भरले तर गरिबालाही जड जाणार नाही. म्हणूनच ही चाल राजवाड्यात अडकून राहिली नाही. नवस फेडताना मुलाला देवळात गुळाच्या ढेपांनी, पेढ्यांनी किंवा नारळांनी तोलणारी माणसे आपल्याकडे आजही आहेत. सत्यभामेने आपले सारे दागिने पारड्यात घातले आणि रुक्मिणीने एक तुळशीपत्र, ही कथा कीर्तनांतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचाही अर्थ हाच, की पारडे कशाने जड होते हे सराफाला विचारून कळत नाही.

आता मुलांकडे वळू. शहजाद्यांच्या तुलेसंबंधी 'आईन'मध्ये जो नियम आहे तो मला फार मार्मिक वाटतो. बादशहाच्या मुलांची आणि नातवांची तुला वर्षातून एकदाच, सौर वाढदिवसाला. पहिली तुला मूल दोन वर्षांचे झाल्यावर, आणि तीही एकाच वस्तूने. पुढच्या वर्षी आणखी एक वस्तू वाढवावयाची, त्यापुढच्या वर्षी आणखी एक. मोठे झाल्यावर साधारणपणे सात-आठ वस्तू. आणि काही झाले तरी बाराच्या वर जावयाचे नाही. शिवाय या कामासाठी एक वेगळा खजिनदार आणि एक वेगळा हिशेबनीस नेमलेला असे, का, तर खर्च योग्य रीतीने व्हावा म्हणून.

श्रोतेहो, जगातील एका अत्यंत श्रीमंत बादशहाने आपल्या नातवाच्या वाढदिवसासाठी घातलेले हे नियम आहेत. त्याला पैशाची चणचण होती म्हणून त्याने हिशेबनीस नेमला असे कोणी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या मुलाचे वजन बारा किलो धरले तर चांदीचे हजार-एक रुपये झाले. बादशहाला ते क्षुल्लक होते. तरी नियम केला, कारण लाडाला सीमा नसते आणि खजिन्याला असते, हे त्याला माहीत होते. या नियमाचे तीन भाग पाडता येतात. पहिला, खर्च मुलाच्या वयाबरोबर चढत जावा. दुसरा, त्याला वरची मर्यादा आधीच ठरलेली असावी. तिसरा, त्याची वही वेगळी असावी. अंदाजपत्रक म्हणतात ते याहून निराळे काय असते?

वयाचे आणि दानाचे हे गणित आणखी एका ठिकाणी दिसते. बादशहाचे वय जितकी वर्षे तितक्या मेंढ्या, तितक्या शेळ्या आणि तितक्या कोंबड्या ती जनावरे पाळणाऱ्या लोकांना दिल्या जात. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहिले आहे की १६०७ साली काबूलला असताना खुर्रमला, म्हणजे पुढच्या शहाजहानला, चांद्र गणनेने सोळावे वर्ष लागले. ज्योतिष्यांनी ते वर्ष कठीण सांगितले होते आणि मुलाची प्रकृतीही ठीक नव्हती, म्हणून त्याची सोन्यारुप्याने व इतर धातूंनी तुला करून ते सारे फकिरांना आणि गरजूंना वाटले. इथेही मूळ तेच आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेला बाप आणि त्याची धास्ती.

पण प्रत्येक दानामागे दरबार उभा राहतो आणि दरबारामागे नजराणा येतो. वाढदिवस बादशहाचा असला की अमीर-उमरावांनी आपल्या तनख्याच्या मानाने भेटी आणावयाच्या, अशी रीत पडली. औरंगजेबाच्या दरबारी काही वर्षे काढलेला फ्रेंच वैद्य बर्निये या भेटींचे वर्णन करतो. बादशहाचे वजन मागच्या वर्षापेक्षा दोन पौंडांनी वाढले असे दिसताच दरबारी लोकांना केवढा आनंद झाला, तेही तो खोचकपणे सांगतो. मांडवगडच्या समारंभात शेवटी जहांगीरने सिंहासनावर बसून चांदीच्या पातळ पत्र्याचे बदाम, फळे आणि मसाले उधळले, आणि मोठमोठे सरदार ते वेचण्यासाठी जमिनीवर पालथे पडले. रो एकटा उभा राहिला, तेव्हा बादशहाने एक तबक त्याच्या झग्यात रिते केले. जे दान गरिबांसाठी सुरू झाले, त्यातला हा भाग ज्यांच्यापाशी आधीच भरपूर होते त्यांच्या खिशात गेला. आणि तेही मूळ नजराणा देऊन बसलेले! पुढे औरंगजेबाने १६७०च्या सुमारास स्वतःची तुला बंद केली.

या उधळण्याचे एक गोड आणि निरुपद्रवी रूप आपल्या महाराष्ट्रात घरोघर आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना बोरन्हाण घालतात. मुलाला काळे कपडे, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या ओतावयाच्या, आणि आळीतल्या पोरांनी त्या गोळा करण्यासाठी झोंबावयाचे. जहांगीरचे चांदीचे बदाम आणि आपली बोरे यांत मुलांच्या दृष्टीने फरक काय? असलाच तर बोरांच्या बाजूने आहे, कारण ती खाता येतात. खर्चाच्या दृष्टीने पाहा. सारा माल त्या हंगामातला, म्हणून स्वस्त. दागिने साखरेचे, म्हणून चोरीची भीती नाही. पाहुणे गल्लीतले, म्हणून दिवाणखाना पुरतो. आणि जे उधळले ते पाहुण्यांच्याच पदरात पडते. ज्या आजीबाईंनी ही चाल पाडली त्यांना अर्थशास्त्र शिकविण्याची कोणाची छाती नव्हती.

आजचा मुलांचा वाढदिवस, म्हणजे केक, मेणबत्त्या, फुगे आणि भेटी, हा आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला. तो मूळचा जर्मन. काउंट झिंझेनडॉर्फ याच्या १७४६ सालच्या वाढदिवसाचे वर्णन उपलब्ध आहे. भट्टीत मावेल एवढा मोठा केक, त्यात वयाच्या वर्षांइतकी भोके, प्रत्येक भोकात एक मेणबत्ती आणि मध्ये आणखी एक. वर्षाला एक मेणबत्ती, वर्षाला एक गाठ, वर्षाला एक मेंढी. माणसे कोणत्याही देशातली असोत, मुलाच्या वयाचे गणित ती एकाच रीतीने करतात. दिवा फुंकून विझवावा की निरांजनाने ओवाळावे, हा वाद आपल्याकडे पुष्कळ झालेला आहे आणि मी त्यात पडत नाही. बहुतेक घरांनी आधी औक्षण आणि मग केक असा तह केलेला आहे, आणि तो टिकलेलाही आहे. त्या प्रसंगी म्हणतात त्या इंग्रजी गाण्याची चाल १८९३ साली छापली गेली, शाळेत सकाळचे अभिवादन करण्यासाठी. पुढे त्या गाण्यावर मालकी सांगून सिनेमावाल्यांकडून वर्षानुवर्षे पैसे घेतले जात. २०१५ साली अमेरिकेतील न्यायालयाने तो दावा खोडून काढला. वाढदिवसाच्या खर्चात गाण्याचेही भाडे धरण्याची वेळ काही लोकांवर आली होती ती अशी!

केकाला माझा विरोध नाही. मुलाला बासुंदी आवडते की केक, हे मुलाने ठरवावे. मला चिंता वाटते ती पैशाच्या दिशेची. अर्ध्या ओंजळ दुधाच्या विधीत घरातून बाहेर काही जात होते, तुलेत घरातून बाहेर जात होते, बोरन्हाणातही पाहुणाच काही घेऊन जात होता. दरबारी वाढदिवसात मात्र प्रवाह उलटला आणि पाहुणा ऋणको झाला. आजच्या शहरातल्या वाढदिवसाने नेमके हेच दरबारी रूप उचलले आहे. मूल तीन वर्षांचे, त्याला जेमतेम चार मित्र, आणि आमंत्रणे शंभर, कारण वडिलांच्या कचेरीतल्या कोणालाही वगळता येत नाही. आलेल्या प्रत्येक भेटीची मनातल्या मनात नोंद होते. कोणी काय आणले, त्यांच्या मुलाला आपण काय न्यावयाचे. शिवाय पाहुण्या मुलांना परतभेट द्यावयाची ती मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या घरी मिळाली त्याहून उणी नसावी. ज्याला परवडते तो हसतो. ज्याला परवडत नाही त्याचे मूल एक तर बोलावणे आले तरी घरी राहते, नाही तर त्याची आई महिन्याच्या वाणसामानातून पैसे काढून भेट आणते. ऋण काढून सण करू नये हे आपण जाणतो, पण दुसऱ्याला आपल्या सणासाठी ऋण काढावयास लावू नये, हे अजून आपल्या लक्षात आलेले नाही.

१९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि पुढे कित्येक वर्षे साखर कार्डावर मोजून मिळत असे. त्या काळातही मुलांचे वाढदिवस झाले. कोणी गुळाचा शिरा केला, कोणी आठवडाभर बिनसाखरेचा चहा पिऊन पेढ्यांपुरती साखर जमविली. त्या पिढीतले लोक आपला वाढदिवस फिका झाला अशी तक्रार करताना क्वचितच आढळतील. मुलाला खर्चाचा आकडा समजत नाही. त्याला एवढेच समजते की आज सर्वजण आपल्याकडे पाहत आहेत.

तेव्हा इतिहासातून व्यवहाराला उपयोगी असे जे काही हाती लागते ते थोडक्यात सांगतो. पाहुणे मुलाच्या वयाच्या मानाने बोलवावे. दोन वर्षांच्या मुलाला दोन-तीन सवंगडी पुरतात, पाच वर्षांच्याला पाच-सहा. खर्चाचा कमाल आकडा वाढदिवसाच्या महिनाभर आधी, मन शांत असताना ठरवून वहीत लिहावा, आणि ऐन वेळी कोणाच्याही आग्रहाने तो ओलांडू नये. बादशहासुद्धा बाराच्या पुढे जात नव्हता. आणि त्या वहीत एक रकाना घराबाहेर जाणाऱ्या पैशासाठी राखून ठेवावा. मुलाच्या वजनाइतके धान्य म्हणजे दहा-बारा किलो ज्वारी किंवा तांदूळ. मध्यमवर्गीय गृहस्थाला ते जड नाही. जवळच्या अनाथाश्रमात ते मुलाच्या हातून पोहोचविले, तर तुला म्हणजे काय हे त्याला व्याख्यानावाचून समजेल.

मूल जगले, एक वर्षाने वाढले, याचा आनंद ज्या काळात भीतीतून उगवत होता तो काळ, देवाच्या, वैद्यांच्या आणि लस टोचणाऱ्या दायांच्या कृपेने, बराचसा मागे पडला आहे. भीती गेली ही फार चांगली गोष्ट झाली. तिच्याबरोबर कृतज्ञताही जाऊ नये, एवढेच मला सांगावयाचे होते.